घशाखाली

माझ्या लेकीने नव्या घरी मला पहिल्यांदा बोलावलं, जावयाने खास माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लेमन ड्रॉप नावाचं पेय बनवलं, आणि मी ते तोंडात घोळवून त्यांच्या सिंकमध्ये थुंकले. वर तोंड पुसता पुसता म्हणाले, "आंबटपणा बरोबर. साखर दोन टक्क्यांनी खाली आणा. आणि सालीचा कडवटपणा मागे रेंगाळतोय."

हे एका दमात सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी आडवळणं घेत बसेन. सव्वीस वर्षं मी फळांच्या सरबतांच्या कारखान्यात चव तपासते. सकाळी नऊ ते बारा, पांढऱ्या भिंतींची एक खोली, समोर छोटे छोटे कप आणि प्रत्येक कपावर फक्त आकडा. कप उचलायचा, वास घ्यायचा, घोटभर तोंडात घ्यायचं, जिभेवरून, गालांतून, टाळूपर्यंत फिरवायचं आणि शेजारच्या स्टीलच्या बादलीत टाकायचं. मग कोमट पाण्याची चूळ, मग पुढचा आकडा. एका सकाळी चाळीस कप होतात. चाळीसही घोट पोटात गेले तर बारा वाजता मला संत्रं आणि अननस यांतला फरक सांगता येणार नाही, आणि साठीच्या आत दात, आतडी आणि नोकरी, तिन्ही हातची जातील. म्हणून थुंकायचं. आमच्या खोलीत थुंकणं म्हणजे इतरत्र मान डोलावण्यासारखं आहे. त्यात अपमान नाही.

मला हे काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या साहेबांनी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक कप गिळताना पकडलं. अननसाचं होतं, फार सुरेख जमलं होतं, आणि मी सकाळपासून उपाशी होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, गिळलंस की तू त्याच्या बाजूची झालीस, मग त्याच्याबद्दल खरं कोण बोलणार? मला ते इतकं पटलं की त्यानंतर मी कधी कशाच्या बाजूची झालेच नाही.

आता घरी मी उपाशी राहते असं नाही. जेवते, पाणी पिते, सगळं माणसांसारखं. पण कुणी समोर काही धरलं आणि डोळ्यांत "कसं झालंय?" असा प्रश्न घेऊन उभं राहिलं, की माझं तोंड आपोआप कामावर जातं. त्याला मी आवरू शकत नाही. शिंक आवरता येते का?

त्या संध्याकाळी नेमकं तेच झालं. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सोफा नाही म्हणून गादी भिंतीला टेकवून त्यावर चादर घातलेली, खिडकीत वाळत टाकलेले पोहण्याचे पोशाख. माझी लेक लहान मुलांना पोहायला शिकवते. तिला मी खारू म्हणते. लहानपणी ती घास गालात साठवून तासभर घरभर फिरायची, म्हणून. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. लग्न होऊन महिना झाला होता, कचेरीत जाऊन दोन सह्या केल्या होत्या, आणि या महिन्यात माझी आणि त्याची एक गंमत चालली होती. लग्नाआधी तो मला काकू म्हणायचा. लग्नानंतर काकू म्हणणं बरं दिसेना आणि आई म्हणायला जीभ वळेना, म्हणून तो मला कशानेच हाक मारत नव्हता. मी समोर आले की तो भिंतीकडे बघून विचारायचा, "चहा घेतला जाईल का?" मीही त्याच भिंतीला सांगायचे, "चालेल." बिचारी भिंत.

तर तो अबोल, मोठ्या हातांचा माणूस ओट्याशी उभा राहून काहीतरी करत होता. पूर्वी एका हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करताना सुटा भाग यायला तीन दिवस लागले होते, आणि त्या तीन दिवसांत तिथल्या बारवाल्याने त्याला एकच पेय शिकवलं होतं. व्होडका, लिंबाचा रस, लिंबाची साल घातलेला साखरेचा पाक, बर्फ, आणि ग्लासच्या काठाला साखर. एरवी तो स्वतः पीत नाही म्हटलं तरी चालेल. पण माझ्यासाठी म्हणून त्याने पातळ देठाचे ग्लास विकत आणले होते, ते फ्रिजमध्ये थंड केले होते, काठाला लिंबू फिरवून साखरेत उलटे दाबले होते. काठावरची साखर इतकी सारखी बसली होती की वाटावं, रंगाऱ्याने पट्टी मारली आहे. तो ग्लास त्याने माझ्या हातात दिला आणि समोर उभा राहिला. डोळ्यांत तो प्रश्न.

पुढचं सांगितलंच आहे.

मी रुमालाने ओठ टिपत मागे वळले. जावयाने सिंकमध्ये वाकून पाहिलं, लिफ्टच्या खड्ड्यात पाहावं तसं, आणि हळूच विचारलं की त्यात काही पडलं होतं का. मी म्हटलं, छे, छे, काही नाही, सवय आहे. तो हो म्हणाला, ग्लास उचलला आणि विसळून पालथा घातला.  आता सारवासारव काय कामाची? जे व्हायचं ते नळीतून खाली गेलं होतं.

जेवण झालं.  निघताना खारू जिन्यात मला सोडायला आली, दुसऱ्या मजल्यावर थांबली, आणि कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, माझ्या घरी चव बघायला येऊ नकोस. यायचं असेल तेव्हा जेवायला ये."

ओरडून बोलली असती तर मी भांडले असते. ती ओरडली नाही.

बसमध्ये बसल्यावर मला तिची पहिली कॉफी आठवली. आठ वर्षांची होती. बाबांच्या मदतीशिवाय केली होती, ट्रेमध्ये दोन कप, बशीत दोन दोन बिस्किटं. मी घोट घेतला, घोळवला, मोरीत टाकला आणि सांगितलं की दूध आधी तापवायला हवं होतं. मी खरंच तिला शिकवत होते, अगदी मन लावून. ती ट्रे धरून उभी राहिली. तिच्या बाबांनी आपला कप संपवला, मग माझा उचलून तोही संपवला, आणि दोन्ही वेळा "वा" म्हणाले. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते म्हणायचे, तुझं तोंड म्हणजे दवाखाना आहे, येईल त्याला तपासतेस आणि घरी पाठवून देतेस. आम्ही हसायचो. खारू हसायची की नाही, ते आठवेना, आणि ते आठवेना म्हणूनच जीव कासावीस झाला.

पुढचे तीन आठवडे तिचा दर रविवारी फोन आला. बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, गच्चीचा नळ दुरुस्त झाला का. सगळं विचारायची. ये म्हणाली नाही. मुलगी फोन करते म्हटल्यावर तक्रार कशी करणार? पण फोन ठेवला की मला कळायचं, आपण तिच्या घराच्या बाहेर उभ्या आहोत. आपल्या मुलीला आपल्याशी बोलायला जमतंय, पण आपल्याला जेवायला वाढायची भीती वाटतेय, हे काही कुणाला सांगण्यासारखं नाही.

मग मी ठरवलं की हे पेय आपण शिकायचं. इतकं उत्तम करायचं की त्या दोघांना बोलवून समोर ठेवलं की विषय संपला. दारूच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. खांद्याला पर्स, डोळ्यांवर वाचायचा चष्मा. बाटल्यांची लेबलं मी औषधांसारखी वाचत होते. दुकानदार बराच वेळ बघत होता, शेवटी त्याने कनवाळूपणे विचारलं की मालिश करायला हवीये का. मी म्हटलं, नाही, प्यायला. तो ओशाळून बाटली कागदात गुंडाळू लागला.

शनिवारी दुपारी ओट्यावर मी सगळं मांडलं. कारखान्यातून साखरेची टक्केवारी सांगणारी छोटी दुर्बीण घरी आणली होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाईंना विचारून, चोरून नाही. लिंबं सारख्या वजनाची निवडली. सोलाण्याने साल इतकी पातळ काढली की आतलं पांढरं अजिबात येऊ नये, कारण कडवटपणा त्या पांढऱ्यात असतो आणि जावयाचं चुकलं होतं ते तिथेच, सुरीने जाड साल काढली होती त्याने. ती साल साखरेत चोळून अर्धा तास ठेवली. साखर पिवळसर, ओलसर झाली आणि स्वयंपाकघरभर असा वास सुटला की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. मग रस, मग पाक, मग व्होडका, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत बर्फ घालून बरणी बाहेरून पांढरी पडेपर्यंत हलवायचं. एक ते अकरा आकडे घातलेले अकरा कप झाले. आठ नंबरचा अचूक निघाला. आंबट, गोड, कडू, तिखट, चौघं चार खुर्च्यांवर नीट बसलेले. मी वहीत सगळं लिहून काढलं, ओटा पुसला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी घटकाभरात अकरा प्रकारची दारू चाखली आहे आणि मला काहीही झालेलं नाही.

सोमवारी हे केमिस्टबाईंना सांगितलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांच्या जिभेला हाड नाही. दुर्बीण परत घेऊन पेटीत ठेवत म्हणाल्या, "अकरा पेले करून शुद्धीवर असलेली बाई मी पहिल्यांदा पाहतेय. लेकीला हे सांगू नका. ती पोलिसात देईल."

गंमत बाजूला. घरी गेल्यावर मी पुन्हा एक पेला केला, आठ नंबरचा, खुर्चीवर बसले, आणि ठरवलं की हा पिऊन टाकायचा. तोंडात घेतला. घोळवला. घशापाशी नेला. आणि काय सांगू, घसा बंद. एखाद्या अनोळखी माणसाने दार ठोठावलं की आतून कडी लागते ना, तसं. मी उठले आणि सिंकपाशी गेले. हसू आलं, मग हसू गेलं. पन्नाशी उलटलेली बाई, रिकाम्या घरात, एकटी, आणि तिला एक घोट गिळता येत नाही. बाटलीला बूच लावून मी ती धान्याच्या डब्यामागे ठेवली. आता खारूला बोलवायची काही सोय राहिली नव्हती. आठ नंबरचा पेला तिच्यासमोर ठेवून मी तरी काय करणार होते? शेजारी बसून थुंकणार होते?

त्याच आठवड्यात, गुरुवारी पाचच्या सुमाराला दारावर थाप पडली. दारात जावई. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात लिंबांची पिशवी, आणि दमून लालबुंद झालेला. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कठडा धरून धापा टाकताना बघणं ही गोष्ट मी कुणालाही दाखवायला तयार आहे. मी पाणी दिलं. त्याने ते भिंतीकडे न बघता घेतलं.

माझ्या मनात नको नको ते आलं. म्हटलं, खारू बरी आहे ना? बरी आहे, तो म्हणाला, तिला माहीत नाही मी इथे आलोय ते. मग पिशवीतून एक मळकी छोटी वही काढली. कुठल्या इमारतीची कुठली लिफ्ट कशाने बिघडली ते तो त्यात लिहितो. मधलं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. वर तारीख, त्या रात्रीची. खाली त्याच्या अक्षरात: आंबटपणा बरोबर. साखर दोन टक्के खाली. सालीचा कडवटपणा मागे राहतो.

"लोक मला काय सांगतात माहितीये?" तो म्हणाला. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. "म्हणतात, लिफ्ट नीट चालत नाही. बस. कुठे चालत नाही, कितव्या मजल्यावर, चढताना की उतरताना, काही नाही. इतका नेमका बिघाड मला आजवर कुणी सांगितला नव्हता. मला शिकवाल का?"

मी खुर्चीत बसलेच. म्हटलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? तो विचार करून म्हणाला, वाटलं, पण बोलण्याचं नाही. त्याला वाटलं होतं की पेल्यात ग्रीसबिस गेलं असेल. त्याच्या हाताला ते कायम असतं, कितीही धुतलं तरी नखांत उरतं. मला बाधलं असेल या धास्तीने तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. आणि खारूला बोलला नव्हता, कारण ती आधीच रडत होती.

ती रडत होती हे मला ठाऊक नव्हतं. मी उठून सोलाणं, गाळणी, बरणी आणि धान्याच्या डब्यामागची बाटली काढायला लागले, म्हणजे तोंड दुसरीकडे करता येईल.

मग आम्ही लेमन ड्रॉप करायला घेतलं. मी वही आणणार होते, आठ नंबरची मापं त्यात होती, पण तो म्हणाला, तुम्ही सांगा, हाताने मी करतो. सालीचं दाखवलं तेव्हा तो सोलाणं उलटसुलट करून बघत राहिला, आणि दुसऱ्याच लिंबाला त्याने अशी साल काढली की प्रकाशाला धरली तर पलीकडचं दिसावं. काठाला साखर लावायची असेल तर पाक कमी घ्यायचा, हे सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. साखर चोळून ठेवली. अर्धा तास थांबायचं होतं, तेव्हा तो लिफ्टबद्दल बोलला. दुरुस्ती झाली की आधी रिकामी चालवायची, दहा वेळा. मग वाळूची पोती घालून चालवायची. आणि मग?

"मग जो दुरुस्त करतो तोच आधी आत बसतो," तो म्हणाला. "दुसरं कुणी नाही. पोत्यांवरून वजन कळतं. धक्का बसतो का, ते माणूस बसल्याशिवाय कळत नाही."

बर्फ घालून त्याने बरणी हलवली. त्या मोठ्या हातांत ती खुळखुळ्यासारखी दिसत होती. बरणी पांढरी झाली. गाळणीतून दोन पेले भरले, माझ्याकडे देठाचे ग्लास नाहीत म्हणून पाण्याचेच, आणि त्याने एक माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. घोळवला. पाय आपोआप सिंककडे वळले आणि मी थुंकले. म्हटलं, उत्तम आहे, आणि मनात म्हटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं.

 त्याने माझी खुर्ची उचलली, स्वयंपाकघरातून बाहेर नेली, गॅलरीत कपडे वाळत होते त्यांच्याखाली ठेवली, आणि शेजारी स्वतःसाठी पाटासारखा एक बुटका स्टूल ठेवला. सिंक तिथून अकरा पावलं. तो खाली बसला आणि आपला पेला हातात धरून समोरच्या इमारतीकडे बघत राहिला. माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांत आता कसलाच प्रश्न नव्हता. दिवसभराचं काम संपवून एक दमलेला माणूस बसला होता आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी जाऊन बसले. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी बर्फाचा गारवा हातात धरून राहिले, आणि कधी पेला तोंडाला लावला ते खरंच सांगता येणार नाही. आधी थंड, मग आंबट, मग ते नेहमीचं दार आलं. मी तिथे थांबले. शेजारून त्याने एक घोट घेतला, त्याच्या घशाचा आवाज मला ऐकू आला, आणि माझाही घोट त्याच्या मागोमाग गेला. शेजारच्या माणसाने जांभई दिली की आपल्यालाही येते, तसा.

सव्वीस वर्षं मी समजत होते की चव टाळूशी संपते. ती पुढेही जाते. छातीत एक ऊबदार रेघ ओढली गेली, खांदे खाली आले, आणि लिंबू नाकात मागच्या दाराने परत आलं. या गोष्टीची मला कल्पनाच नव्हती. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग असतो हे म्हातारपणी कळावं तसं झालं. मी दुसरा घोट घेतला, खात्री करायला. मग तिसरा, खात्रीचं नाव घेऊन.

तो हॉटेलातल्या बारवाल्याबद्दल सांगू लागला, मी अननसाच्या त्या कपाबद्दल. लिफ्टमध्ये अडकलेले लोक आधी कुणाला फोन करतात, यावर आम्ही फार हसलो. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी त्याला "अरे, बस रे" म्हणते आहे. त्याच्याही आलं असावं, पण त्याने भिंतीकडे पाहिलं नाही.

अर्धा पेला त्याने आणखी ओतला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खारूचा. कुठे आहेस, तिने विचारलं असावं.

"आईंकडे," तो म्हणाला.

मग बराच वेळ तो नुसतं ऐकत होता. हो म्हणाला. लिंबाचंच, म्हणाला. मग माझ्याकडे तिरकं बघून, "पहिल्यांदा थुंकल्या. नंतर नाही." आणि फोन माझ्यापुढे धरला.

तिच्या मागून पाण्याचा आणि पोरांच्या कालव्याचा आवाज येत होता. ती तलावाच्या काठावर उभी असणार, शिट्टी गळ्यात.

"आई, प्यायलीस तू?"

म्हटलं, दीड पेला.

 मग तिने विचारलंच, आणि मला तिच्या आवाजात ती ट्रे धरून उभी असलेली ऐकू आली. "कसं होतं?"

मी तोंड उघडलं. सगळी टक्केवारी रांगेत हजर असते माझी, एका हाकेवर. त्या क्षणी रांगेत कुणीच नव्हतं. मी रिकाम्या पेल्यात बघितलं, तळाला साखरेचे चार कण आणि एक लिंबाची बी. "माहीत नाही ग," मी म्हणाले. "संपलं."

 पलीकडून हसल्यासारखं काहीतरी, किंवा नाक ओढल्यासारखं. पाण्याच्या आवाजात नीट कळलं नाही. मग ती घाईघाईने म्हणाली की उद्या तलाव साफ करायला बंद आहे, ती दिवसभर घरी आहे. "दुपारी ये. जेवायला."

जावई निघाला तेव्हा मी त्याला सोडायला दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले. चौथ्यापर्यंत परत चढताना लक्षात आलं की जिना हलतोय. माझ्या जावयाला सांगायला हवं, एखाद्या दिवशी बघून जा म्हणून.

सकाळी उठले तर डोक्यात कुणीतरी पेटी सरकवत होतं आणि जीभ म्हणजे जोडा झाली होती. कॉफी प्यायले, गरम पाणी प्यायल्यासारखं लागलं. घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण हसूही येत होतं. केमिस्टबाईंना फोन करून सांगितलं की आज येत नाही, जीभ बंद आहे. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच असं काही सांगत होते. ताप आहे का, त्यांनी काळजीने विचारलं. नाही म्हटलं. मग काय झालं? मी खरं ते सांगितलं. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

दुपारी खारूच्या घरी पोचले. जावई कामावर होता. ती दार उघडून बाजूला झाली, मिठी वगैरे आमच्यात नाही, पण माझ्या हातातली पिशवी तिने जरा जोरातच ओढून घेतली. माझा चेहरा पाहून म्हणाली, अवतार बघ तुझा. आणि एक गोळी दिली.

जेवायला बटाट्याचं सूप होतं आणि पाव. तिने माझ्यापुढे भांडं ठेवलं आणि पळी हातात घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिला बस म्हणायचं होतं, पण तिचं उभं राहणं मोडावं असं वाटेना. मी पाव बुडवला आणि खाल्ला. काहीच लागलं नाही, फक्त गरम. दुसरा घास, तोही तसाच. मी खात राहिले, डोकं खाली घालून. ती बघत राहिली.

चौथ्या की पाचव्या चमच्याला जीभ परत आली. कुठे गेली होती कोण जाणे, आली ती थेट कामावर. बटाटा नीट शिजलाय, कांदा थोडा जास्त परतलाय, मीठ कमी. मी चमचा भांड्यात ठेवला. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. ती माझीच लेक आहे.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

तिचा पळी धरलेला हात खाली गेला.

मी भांडं उचललं, तोंडाला लावलं, तळापर्यंत संपवलं आणि तिच्यापुढे केलं. "अजून वाढ. काठोकाठ वाढ."

 तिने मिठाची बाटली माझ्यासमोर आपटली, भांडं भरलं, स्वतःसाठीही घेतलं, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. एक चमचा तोंडात घेतला.

"खरंच कमी आहे ग," ती म्हणाली, आणि बाटलीकडे हात केला.